मालिबूचं शिबिर आणि मार्च १९६८

मार्च १९६८ च्या पहिल्या आठवड्यात लॉस एंजेलिसच्या पूर्व भागातल्या सरकारी हायस्कुलांमधून हजारो मुलं वर्ग सोडून रस्त्यावर आली. पोलीस, वर्तमानपत्रं आणि शाळाखात्यातली मंडळी एकाच प्रश्नाभोवती घुटमळत राहिली: यांना फूस लावली कुणी? बाहेरचे चळवळे, कॉलेजातली उनाड पोरं, की एखादा माथेफिरू मास्तर? मागोवा घेत गेलं तर धागा भलत्याच जागी पोचतो. मालिबूच्या किनाऱ्यालगत एका छावणीत हायस्कूलच्या मुलांसाठी दरवर्षी एक नेतृत्व परिषद भरत असे. शनिवार-रविवार धरून दोन-तीन दिवसांचा कार्यक्रम. आणि ती भरवत होता खुद्द लॉस एंजेलिस काउंटीचा मानवी संबंध आयोग, म्हणजे सरकारच.

शाळकरी मुलांच्या नेतृत्व परिषदांचं मोल सांगायची वेळ आली की सहसा दुसरंच उदाहरण पुढे केलं जातं. २४ जुलै १९६३ रोजी ‘बॉइज नेशन’ या उपक्रमातली मुलं व्हाइट हाउसच्या बागेत गेली, आर्कान्सासच्या १६ वर्षांच्या बिल क्लिंटनने राष्ट्राध्यक्ष केनेडींशी हात मिळवला, फोटो निघाला, आणि पुढे तो मुलगा स्वतःच राष्ट्राध्यक्ष झाला. फोटो झकास आहे. पण त्यातून सिद्ध होतं ते एवढंच, की निवडणाऱ्यांची नजर तयार होती. परिषदेने त्या मुलाला काय दिलं, हे त्या फोटोत कुठेच दिसत नाही. मालिबूची परिषदही त्याच वर्षी, १९६३ मध्ये सुरू झाली. तिचा असा एकही सुबक फोटो नाही, पण तिचा माग काढता येतो, म्हणून हे प्रकरण निवडलं.

आधी त्या शाळा. गारफिल्ड, रूझवेल्ट, लिंकन, विल्सन आणि शहराच्या मध्याकडे बेलमाँट. या शाळांमध्ये बहुसंख्य मुलं मेक्सिकन वंशाची, बऱ्याच जणांच्या दोन-तीन पिढ्या अमेरिकेत गेलेल्या. शाळेच्या आवारात स्पॅनिश बोललं की शिक्षा, काही ठिकाणी चक्क लाकडी फळीचे फटके. जेवणाच्या सुट्टीत स्वच्छतागृहांना कुलूप. एकेका वर्गात चाळीसच्या आसपास मुलं. समुपदेशक मुलाचं आडनाव बघून त्याला सुतारकामाच्या किंवा गाड्या दुरुस्तीच्या वर्गाकडे वळवायचे आणि मुलीला शिवण-स्वयंपाकाकडे. कॉलेजचा विषय निघायचाच नाही. गारफिल्डमध्ये दाखल झालेल्यांपैकी निम्म्याहून अधिक मुलं शिक्षण पुरं न करताच बाहेर पडत. दुसरीकडे व्हिएतनामला जाणाऱ्यांच्या याद्यांत याच वस्त्यांची आडनावं खच्चून भरलेली.

विशेष म्हणजे, हे सगळं रोज भोगणाऱ्या मुलांना त्यात वावगं काही वाटत नव्हतं. शाळा म्हणजे अशीच असते, अशी त्यांची समजूत. दुसरी शाळा पाहिलीच नव्हती, तर तुलना कशाशी करणार?

परिषदेची जागा होती कॅम्प हेस क्रेमर. ही छावणी विलशर बुलेवार्ड टेंपल या ज्यू प्रार्थनामंदिराच्या मालकीची. तिथले रब्बी आल्फ्रेड वुल्फ हे हिटलरच्या काळात जर्मनी सोडून आलेले गृहस्थ. छावणी त्यांनीच उभी केलेली आणि काउंटीच्या आयोगाच्या कामातही त्यांचा हात. आयोगाचा हेतू अगदी सरळ होता. मेक्सिकन-अमेरिकन मुलांतली होतकरू मुलं हेरायची, त्यांना आत्मविश्वास द्यायचा, त्यांच्यातून चांगले नागरिक घडवायचे. सरकारी कागदावर शोभून दिसणारा, कुणालाही आक्षेप घेता येणार नाही असा हेतू.

वेगवेगळ्या शाळांनी निवडलेली मुलंमुली तिथे येत, छोट्या गटांत वाटली जात, प्रत्येक गटाला एक मार्गदर्शक. हे मार्गदर्शक त्यांच्याच वस्त्यांतले, त्यांच्याच आडनावांचे, पण कॉलेजात शिकणारे किंवा शिकून नोकरीला लागलेले. शिक्षक, समाजसेवक, आपल्यासारखीच भाषा बोलणारा पदवीधर. घरची गोष्ट निघाली की तोही आपलीच सांगायचा. मुलांसाठी हे नवं होतं. शाळेत त्यांना मेक्सिकन माणूस दिसायचा तो बहुधा झाडू मारताना किंवा उपाहारगृहात.

गप्पा शाळांवर यायच्या. आणि इथे परिषदेचं खरं काम व्हायचं, जे कार्यक्रमपत्रिकेवर कुठेच लिहिलेलं नव्हतं. शहराच्या इतर भागांतल्या शाळांतून आलेली मुलं सहज सांगून जायची की आमच्याकडे स्वच्छतागृहं उघडी असतात, कॉलेजच्या अर्जाबद्दल समुपदेशक स्वतःहून बोलतात. पूर्वेकडची मुलं ऐकत राहायची. लिंकन हायस्कूलची पॉला क्रिसोस्तोमो पुढे या आंदोलनातल्या प्रमुख मुलींपैकी एक ठरली. तिच्यासारख्या अनेकांच्या आठवणींत हाच धागा येतो: आपल्या शाळेत काय नाही, हे त्यांना कळलं दुसऱ्या शाळेतल्या मुलांशी बोलताना. कुठल्याही भाषणाने हे साधलं नसतं. वक्त्याने ‘तुमच्यावर अन्याय होतोय’ म्हटलं असतं तर मुलांनी टाळ्या वाजवल्या असत्या आणि जेवायला गेली असती.

या परिषदेत सुरुवातीपासून असलेला एक माणूस म्हणजे सॅल कॅस्ट्रो. १९३३ चा जन्म, लॉस एंजेलिसचाच. मंदीच्या काळात मेक्सिकन वंशाच्या लोकांना लाखोंनी मेक्सिकोत धाडलं गेलं, त्यात त्यांचे वडील गेले. काही काळ मेक्सिकोत शाळा शिकून परत आलेल्या लहानग्या सॅलला इंग्रजी येत नाही म्हणून शिक्षिकेने कोपऱ्यात बसवलं. पुढे ते हा किस्सा सांगत तेव्हा त्याला एक चिमटा असायचा: मला वाटलं नाही की मी ढ आहे, मला वाटलं हिलाच माझं बोलणं कळत नाही, म्हणजे ढ ही आहे. सैन्यातली नोकरी, मग पदवी, मग शिक्षकी. बेलमाँटला असताना त्यांनी मेक्सिकन मुलांना विद्यार्थी मंडळाच्या निवडणुकीला उभं केलं, मुलांनी भाषणात थोडं स्पॅनिश वापरलं, शाळेच्या प्रशासनाचा पारा चढला आणि मास्तरांची रवानगी लिंकन हायस्कुलात झाली. नेतृत्व शिकवायला निघालेल्या माणसाला आधी बदली शिकावी लागते, हे काही फक्त तिकडचं नाही.

कॅस्ट्रोंचं महत्त्व भाषणांत नव्हतं. परिषद संपल्यावर सोमवारी ते शाळेत असायचे. बहुतेक शिबिरं इथेच मरतात. रविवारी संध्याकाळी गळ्यात गळे घालून रडारड, पत्त्यांची देवाणघेवाण, आणि आठवड्याभरात सगळं थंड. मालिबूहून परतलेल्या लिंकनच्या मुलांना मात्र मधल्या सुट्टीत एक वर्ग उघडा मिळायचा आणि तिथे एक मोठा माणूस बसलेला असायचा, ज्याला त्या रविवारचं सगळं ठाऊक होतं.

१९६६ मध्ये परिषदेला आलेल्या काही मुलांनी परतल्यावर एक गट काढला, ‘यंग सिटिझन्स फॉर कम्युनिटी अॅक्शन’. नावच बघा, ‘यंग सिटिझन्स’. आयोगाला हवे होते तसेच चांगले नागरिक. यात विकी कॅस्ट्रो होती (सॅल कॅस्ट्रोंशी आडनावाखेरीज नातं नाही), डेव्हिड सांचेझ होता, मॉक्टेसुमा एस्पार्झा होता. सांचेझ तर महापौरांच्या युवा सल्लागार मंडळाचा अध्यक्षही झाला. त्यांनी शाळांतल्या मुलांकडून गरजांची पाहणी केली. १९६७ मध्ये शाळा मंडळाच्या निवडणुकीत हुलियन नावा हे हार्वर्डमधून पीएचडी केलेले इतिहासाचे प्राध्यापक उभे राहिले, तेव्हा या मुलांनी त्यांच्यासाठी दारोदार प्रचार केला. नावा निवडून आले.

या टप्प्यावर थांबून पाहण्यासारखं आहे, कारण पुढच्या गदारोळात ही दोन वर्षं झाकली जातात. शिबिरातून परतलेल्या १६-१७ वर्षांच्या मुलांना कुणीतरी खरं काम दिलं. प्रश्नावली छापायची, भरून घ्यायची, मतदाराच्या दारावर टकटक करायची, नकार पचवायचा. शिबिरात ‘नेतृत्व’ या विषयावर कितीही तक्ते रंगवले तरी यातली एकही गोष्ट येत नाही. एपिस्कोपल चर्चचे फादर जॉन लूस यांच्या मदतीने मुलांनी एक कॉफी हाउस काढलं, ‘ला पिरान्या’. तिथे सभा व्हायच्या, शेतमजुरांचे पुढारी सेझर चावेझ यांच्यासारखी माणसं येऊन बोलून गेली. मग पोलिसांचे खेटे सुरू झाले. रात्रीच्या संचारबंदीचा नियम दाखवायचा, झडत्या घ्यायच्या, मुलांना उभं करून चौकशी करायची. यंग सिटिझन्सचे ‘ब्राऊन बेरेट्स’ म्हणजे तपकिरी टोपीवाले झाले ते या काळात. खाकीसारखा तपकिरी गणवेश, डोक्यावर तिरकी टोपी, आणि भाषा एकदम कडक. चांगल्या नागरिकांचा हा प्रवास घडवण्यात पोलिसांचा वाटा परिषदेहून कमी नव्हता, असं माझं मत.

१९६८ उजाडेपर्यंत मालिबूची जुनी मुलं कॉलेजात गेली होती. विकी कॅल स्टेटला, एस्पार्झा यूसीएलएला. पण परिषदेचा नाद सुटला नव्हता. काल आलेला विद्यार्थी उद्या मार्गदर्शक म्हणून परतायचा आणि नव्या पोरांना ओळखू लागायचा. त्यामुळे शाळेत आत कोण विश्वासाचं आहे आणि बाहेरून मदतीला कोण येईल, हे दोन्हीकडच्यांना ठाऊक होतं. कुठल्याही संघटनेला जे जाळं विणायला वर्षं लागतात ते काउंटीच्या खर्चाने आपोआप विणलं गेलं.

शाळा सोडून बाहेर पडायचं ही कल्पना अशा बैठकांतून आली. कॅस्ट्रोंना आधी ती फक्त धमकी म्हणून वापरायची होती. मंडळापुढे मागण्या ठेवायच्या, ऐकलं नाही तर मुलं बाहेर पडतील असं सांगायचं. धमकीत दम होता, कारण राज्याकडून शाळांना मिळणारे पैसे हजेरीवर ठरायचे. मूल वर्गात नाही म्हणजे त्या दिवसाचे पैसे नाहीत. फळ्यावरच्या नागरिकशास्त्रापेक्षा हा हिशेब मुलांना पटकन कळला.

पण ठिणगी पडली भलतीकडेच. १ मार्चला विल्सन हायस्कूलच्या मुख्याध्यापकांनी विद्यार्थ्यांचं नाटक चावट ठरवून रद्द केलं. तिथली मुलं कुणाला न विचारता बाहेर पडली. झालं, आता बाकीच्यांना थांबवणं शक्य नव्हतं. ५ मार्चला गारफिल्ड, पाठोपाठ रूझवेल्ट आणि लिंकन, मग बेलमाँट.

लिंकनच्या दिवशीची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. विकी कॅस्ट्रो व्यवस्थित कपडे करून मुख्याध्यापकांच्या कार्यालयात गेली, नोकरीसाठी आले आहे म्हणून. मुख्याध्यापक मुलाखत घेत बसले, ही शांतपणे उत्तरं देत राहिली, आणि तेवढ्या वेळात बाकीचे शाळेच्या इमारतीत शिरून मुलांना बाहेर यायला सांगत फिरले. रूझवेल्टला फाटकांना साखळ्या घातलेल्या होत्या, तिथे विकीच्याच मोटारीला साखळी जोडून फाटक ओढून काढलं गेलं, असं तिने पुढे सांगितलं आहे. मुलाखतीला बसायचा धीटपणा आणि फाटक ओढायचा धीटपणा हे दोन वेगळे गुण आहेत, आणि ही मुलगी तेव्हा कॉलेजात शिकत होती.

पोलिसांनी रूझवेल्ट आणि बेलमाँटला मुलांना काठ्यांनी झोडपलं. आईबाप हादरले. आपली पोरं शाळा बुडवताहेत म्हणून रागावलेले कितीतरी पालक त्या मारानंतर पोरांच्या बाजूने उभे राहिले आणि त्यांची समिती स्थापन झाली. १० मार्चला सिनेटर रॉबर्ट केनेडी (राष्ट्राध्यक्ष केनेडींचे भाऊ) डेलानो गावी चावेझ यांचं उपोषण सुटताना हजर होते, तिथून परतताना विमानतळावर ते कॅस्ट्रो आणि विद्यार्थ्यांना भेटले. मार्चच्या अखेरीस शाळा मंडळाची बैठक लिंकनच्या सभागृहात भरली. मागण्या तीसहून जास्त: द्विभाषिक शिक्षण, मेक्सिकन-अमेरिकनांचा इतिहास अभ्यासक्रमात, फटके बंद, उपाहारगृहात मेक्सिकन जेवण, सुट्टीत स्वच्छतागृहं उघडी, ग्रंथालयं सुधारा. मंडळाचं उत्तर कुठल्याही मंडळाचं असतं तसं. बहुतेक मागण्या तत्त्वतः मान्य, पैसे नाहीत.

मे महिन्याच्या अखेरीस १३ जणांना अटक झाली. आरोप शाळा आणि शांतता यांत व्यत्यय आणण्याच्या कटाचा. व्यत्यय हा किरकोळ गुन्हा, पण ‘कट’ म्हटलं की तो गंभीर होतो. ही कायद्याची खुबी. आरोपींत सॅल कॅस्ट्रो, सांचेझ, एस्पार्झा. कॅस्ट्रोंचं शिकवणं बंद केलं गेलं. सप्टेंबरच्या अखेरीस पालक आणि विद्यार्थी शाळा मंडळाच्या सभागृहात जाऊन बसले, दिवसरात्र तिथेच मुक्काम, जेवण, झोप. आठवडाभराने ३५ जणांना अटक झाली, पण मंडळ नमलं आणि मास्तर वर्गात परतले. कटाचा खटला १९७० मध्ये वरच्या न्यायालयात अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या मुद्द्यावर कोसळला.

त्या १३ जणांत एकही मुलगी नव्हती. फाटक ओढणारी मोटार मुलीची, पत्रकं छापणाऱ्या मुली, शाळेत आतून हाक देणाऱ्या मुली, पण कट रचायला डोकं लागतं आणि ते पुरुषाचंच असणार, असं सरकारी वकिलांना वाटलं असावं. यात मुलींचा तुरुंग टळला हे बरंच झालं. पण ‘नेता’ म्हणून कुणाकडे बघायचं याची जी सवय मोठ्यांना असते ती यात उघडी पडते. मालिबूच्या परिषदेत मुलींना निम्मी जागा मिळो न मिळो, निदान गटचर्चेत बोलायला मिळत होतं. खटल्याच्या कागदांत तेवढंही नाही.

आता मोजदाद. परिषदेने हे सगळं घडवलं, असं म्हणणं भाबडेपणा होईल. शाळांनी पाठवलेली मुलं आधीच बोलकी, धीट, गुण बरे असलेली होती. ती मालिबूला गेली नसती तरी काहीतरी करतीच. शिवाय हवाच तशी होती: दक्षिणेतली नागरी हक्कांची चळवळ, शेतमजुरांचा संप, व्हिएतनाम. यूसीएलए-कॅल स्टेटमधले विद्यार्थी गट, चर्चच्या तळघरातून निघणारं ‘ला राझा’ हे नियतकालिक, पाठीशी उभे राहिलेले पाद्री, यांतलं एक काढलं तरी मार्च १९६८ तसा घडला नसता. आणि निकाल म्हणाल तर शाळा रातोरात सुधारल्या नाहीत. गळती पुढेही मोठीच राहिली.

तरीही एक गोष्ट परिषदेखेरीज दुसऱ्या कशातून आली नसती. पाच शाळांतली मुलं एकमेकांना नावाने ओळखत होती. या शाळांमधली चुरस कडवी. गारफिल्ड-रूझवेल्टचा फुटबॉलचा सामना म्हणजे अख्ख्या वस्तीची विभागणी. अशा शाळांतली मुलं एकाच आठवड्यात एकाच मागणीवर बाहेर पडतात, ती पत्रकं वाचून नव्हे. रूझवेल्टच्या मुलाला गारफिल्डमध्ये कुणाला फोन करायचा ते माहीत होतं, कारण ते दोघं मालिबूत एका गटात बसले होते.

आयोजकांचं काय? काउंटीला आज्ञाधारक नागरिक हवे होते आणि मिळाले ते मागण्या करणारे. याला अपयश म्हणायचं का? आयोगातल्या काहींना तसं वाटलं असेलही. मला वाटतं, परिषदेच्या खर्चाचं चीज झालं ते याच वेळी. मुलांना ‘उद्याचे नेते’ म्हणायचं आणि त्यांनी आजच तोंड उघडलं की भुवया उंचवायच्या, ही सवय जगभरच्या शिबिर भरवणाऱ्यांना आहे. आपल्याकडच्या महागड्या ‘मॉडेल यूएन’मध्येही, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या सभेच्या नकलेतही, मुलं सुदानच्या प्रश्नावर टाय लावून ठराव मांडतात, आपल्या शाळेच्या फीवाढीवर मांडत नाहीत. कारण तिथे कुणी मांडू देत नाही.

परिषद तिथेच संपली नाही. चिकानो (म्हणजे मेक्सिकन वंशाचे अमेरिकन) यूथ लीडरशिप कॉन्फरन्स या नावाने ती कॅस्ट्रो आणि त्यांचे जुने विद्यार्थी अनेक दशकं चालवत राहिले. भर मात्र बदलला: कॉलेजात जा, अर्ज भरा, शिष्यवृत्ती मागा. २००५ मध्ये लॉस एंजेलिसचे महापौर झालेले अँटोनियो विलारायगोसा हे या परिषदेतूनच गेलेले. एस्पार्झा चित्रपटनिर्माता झाला. कॅस्ट्रो एप्रिल २०१३ मध्ये वारले, त्याआधीच शहराने एका माध्यमिक शाळेला त्यांचं नाव दिलं होतं.

विकी कॅस्ट्रो शिक्षिका झाली, मग मुख्याध्यापिका, आणि १९९३ मध्ये लॉस एंजेलिस शाळा मंडळावर निवडून आली. ज्या मंडळाने १९६८ मध्ये पैसे नाहीत म्हणून सांगितलं होतं, त्याचं अंदाजपत्रक आता तिच्याही सहीने मंजूर होणार होतं.